मागल्या खोलीचं भाडं

दुंडाअण्णा मुसळ्यांची हरकत मान्य झाली, तर त्यांना वर्षाला दोनशे सोळा रुपये जादा घरपट्टी बसणार होती. फायदा म्हणाल तर शून्य. मी कच्च्या कागदावर पुन्हा आकडेमोड करून पाहिली. हरकत मान्य झाली की पट्टी वाढते, असा अर्ज माझ्या नोकरीत तोवर आला नव्हता. आणि आला तो दुंडाअण्णांचा! मागच्या आकारणीला न्हाणीघराच्या भिंतीची जाडी मापातून वजा करायला लावणारा माणूस हा.

"पोतदार, अर्ज उलटा धरलाय का तुम्ही?" सुनावणी घेणाऱ्या शेवाळे साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पट्टी कमी लागलीय, वाढवून मिळावी, असंच लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या दुंडाअण्णांकडे पाहिलं. पांढरी टोपी, मांजरपाटाचा सदरा, कोपरावर ठिगळ. गावात या माणसाचे चार यंत्रमाग चालत होते आणि पुढच्या बाजूला भाड्याने दिलेला एक गाळा होता, हे ठिगळ बघून कुणी ओळखलं नसतं. त्यासाठीच ते लावलेलं असावं, असं आमच्या कचेरीचं मत होतं.

अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. आमचं गाव मागांचं. दर चार वर्षांनी नगरपालिका सगळ्या घरांची मापं नव्याने घ्यायची, नवे आकडे लोकांना कळवायची आणि मग नगरपालिकेच्या सभागृहात हरकतींची सुनावणी लागायची. मी तिथला कर विभागातला कारकून. सुनावणीच्या त्या पंधरवड्यात सगळं गाव गरीब व्हायचं. एरवी 'माडी बांधली, माडी बांधली' म्हणून बोलावून बोलावून दाखवणारा माणूस साहेबांपुढं आला की त्याची माडी गळायला लागायची. कुणाच्या भिंतीला ओल यायची, कुणाच्या स्लॅबला भेग पडायची. एकाने तर स्वतःच्या घराला 'गोठा' म्हणवून घेतलं होतं, बायको शेजारी उभी असताना.

तसा पट्टीचा हिशेब अवघड नव्हता. मालक स्वतः राहत असेल, तर ते घर भाड्याने दिलं असतं तर महिन्याला काय आलं असतं, याचा अंदाज धरायचा. कौलारू असेल तर कमी, स्लॅबचं असेल तर जास्त. गल्लीत कमी, पेठेत जास्त. भाडेकरू असेल तर अंदाजाचं कामच नाही. येतं ते भाडं धरायचं. बारा महिन्यांचं भाडं, त्यातून दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा, आणि उरेल त्यावर कर. म्हणजे एकाच मापाच्या दोन खोल्या, एकीत मालकाची आई राहते आणि दुसरीत परका माणूस, तर दुसरीला चौपट-पाचपट पट्टी लागायची. म्हणून गावातले सगळे भाडेकरू आकारणीच्या वर्षी मालकाचे मावसभाऊ व्हायचे.

दुंडाअण्णांनी उलटी गंगा वाहवली होती. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. आमच्या माणसांनी मापं घेताना तिथे राहणाऱ्या बाईला घरातलीच धरलं होतं. मोकळ्या मनाने वीस रुपये महिना अंदाज लावला होता. आणि अर्जात अण्णांचं म्हणणं, की ती घरातली नव्हे. ती भाडेकरू आहे, महिना शंभर रुपये देते, तिचं नाव 'कोण राहतं' त्या रकान्यात भाडेकरू म्हणून लिहा.

"बाईचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"चंद्राबाई."

"आडनाव?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "लिवा मुसळेच. नवऱ्याचं तिनं टाकलंय. म्हंजे, त्यानंच तिला टाकलीय."

"तुमची कोण?"

"बहीण. धाकटी."

सभागृहात मागे बसलेल्या माणसांत कुणीतरी खाकरलं. रामू हलवायाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, "टाकलेल्या बहिणीकडनं भाडं घेतोय बघ. बाबा, ह्याला नरकात बी जागा भाड्यानंच मिळंल."

अण्णांना ते ऐकू गेलं. त्यांचा कान तांबडा झालेला मला दिसला. पण ते हलले नाहीत.

"अहो, बहीण असेल तर कशाला वाढवून घेता?" साहेब म्हणाले. "घरातली म्हणून आम्ही सोडलंय. गपचूप सही करा आणि जा."

"खरं असंल ते लिवावं न्हवं सरकारानं?"

"खरं!" साहेब माझ्याकडे वळले. "पोतदार, यात काय डाव आहे?"

मलाही तेच कळत नव्हतं. कर्ज काढायला उत्पन्न दाखवायचं असेल, तर शंभर रुपयांच्या भाड्यावर कोणती बँक भुलते? घर विकायचं असेल, तर भाडेकरू असलेल्या घराला उलट भाव येत नाही. निवडणूकही जवळ नव्हती. मी सगळी वजाबाकी करून बघितली, बाकी काही उरेना.

"स्थळपाहणी करू," साहेब म्हणाले. "बाईला विचारू. देत असेल तर लिहू. नसेल तर अर्ज फेटाळतो, आणि खोटी हरकत घेऊन वेळ खाल्ला म्हणून शेरा मारतो. उद्या सकाळी."

"बाईला कशाला इचारायचं?" अण्णा पहिल्यांदा गडबडले. "मी मालक सांगतोय की."

"मालकाने कमी सांगितलं तरी आम्ही विचारतो, जास्त सांगितलं तरी विचारणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुसळ्यांच्या गल्लीत गेलो. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून या गल्लीतली माणसं प्रेमानेही ओरडतात. दारात अण्णांचा थोरला मुलगा सदाशिव उभा होता. तिशीचा, चुणचुणीत. अर्जाचं त्याला आदल्या संध्याकाळीच हलवायाकडून कळलं होतं.

"साहेब, आमच्या अण्णांचं वय झालंय," तो हसत म्हणाला. "त्यांचं काय मनावर घेऊ नका. आत्या घरातलीच हाय. भाडं-बिडं काय न्हाई."

"तू मधी बोलू नको," अण्णा म्हणाले.

"मधी न्हाई अण्णा, मी कडंनंच बोलतोय. साहेब, ह्या बाजूनं या. मागची खोली बघा. चांगली लांब हाय. भिंत पाडली की दोन माग सहज बसत्यात. मी इंजिनिअरला दाखवून ठेवलीय. तवा लावा की पट्टी, कारखान्याची. आम्ही न्हाई म्हणत न्हाई."

"आणि आत्या?" मी विचारलं.

"आत्याचं काय, कर्नाटकात आमचा मठ हाय. तिथं बायका ऱ्हात्यात. देवाधर्मात दिवस जातील." त्याने आवाज खाली आणला. "हे काय आत्ता न्हाई. अण्णा हाईत तोवर कोन हात लावतंय?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते मागाच्या खांबाला धरून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. माझ्या वजाबाकीची बाकी मला तिथे मिळाली. अण्णांना ती खोली बहिणीच्या नावावर करता येणार नव्हती. घर वडिलार्जित, मुलांच्या सह्या लागणार. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला त्या काळी असल्या घरात वाटा नव्हता. आता आमच्या रकान्यात चंद्राबाईचं नाव भाडेकरू म्हणून चढलं, तर तिला हलवायला मुलांना कोर्टाची पायरी चढावी लागणार होती. ते नाव चढायचं की नाही, हे चंद्राबाईच्या एका 'हो'वर होतं. आणि अण्णांनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

चंद्राक्का खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. पन्नाशीची, काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. पुढ्यात सुताची टोपली. आम्हाला बघून ती उठली नाही, फक्त पाय मागे घेतले.

"आक्का, हे नगरपालिकेचे साहेब," मी म्हणालो. "विचारायला आलेत."

"इचारा."

"या खोलीचं भाडं किती देता?"

तिने आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे, मग भावाकडे पाहिलं.

"भाडं? भावाच्या घरात? कोन म्हणतंय?"

"अण्णा म्हणतात, शंभर रुपये देता."

"अण्णा?" ती ताडकन उभी राहिली. "अण्णा, तू म्हणालास? माझ्याकडनं भाडं घेतोस म्हणून तू चावडीवर सांगून आलास?"

"देतीस की," अण्णा पुटपुटले. "इसरली असशील."

"मी इसरले? भाऊबीजेला साडी घेतोस ती बी मला आठवती, त्याच्या आदल्या वर्साची बी आठवती. त्यातली कुठली भाड्यात धरलीस?"

सदाशिवने साहेबांपुढे हात पसरले. "बघा. मी काय म्हणत होतो?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मुसळे, झालं समाधान? पोतदार, लिहा, भाडं देत नाही, हरकत फेटाळली."

अण्णा अडकले. मुलगा समोर. खरं कारण सांगावं तर घरात आजच आग लागणार. न सांगावं तर अर्ज गेला, आणि पुढची आकारणी चार वर्षांनी. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं.

मी लिहायला लागलो आणि थांबलो. बायकांच्या स्वभावाचा मला फारसा अभ्यास नाही, पण ताठ माणसाचा आहे. आमच्या खात्यात तो होतो.

"साहेब," मी मोठ्याने म्हणालो, "म्हणजे रकान्यात काय लिहू? बाई भावाच्या घरात फुकट राहते, असं लिहू?"

"काय?" चंद्राक्का म्हणाली.

"तसं लिहावं लागतं, आक्का. भाडं देत नाही म्हणजे फुकट."

"फुकट?" तिचा आवाज मागांच्याही वर गेला. "हे लिवून घ्यायला आणलंस व्हय ह्यांना? मी फुकट ऱ्हाते? आरं, नवऱ्यानं सोडल्यापास्नं ह्या खोलीत हाय मी. सकाळी तुझ्या पोरांच्या आधी उठते आणि तुझ्या चार मागांच्या कांड्या भरते. समद्या! दुसरी बाई लावली असतीस तर मजुरी दिली असतीस का न्हाई? मला कवा दिलीस? मी कवा मागितली? का न्हाई मागितली? कुणी फुकट म्हणू नये म्हणून न्हाई मागितली!"

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. "कांड्या म्हणजे?"

"आडवं सूत भरायच्या त्या," मी सांगितलं. "त्याशिवाय माग चालत नाही. बायका मजुरीवर भरतात."

"आणि ही मजुरी घेत नाही?"

"एक पै न्हाई," चंद्राक्का म्हणाली. "लिवा. मोठ्या अक्षरात लिवा."

"म्हणजे मजुरी खोलीत वळती," साहेब म्हणाले. आता त्यांनाही रस वाटायला लागला होता. "पैसे हातात पडले काय, न पडले काय. भाडं आहे हे. किती होते मजुरी महिन्याची?"

"दीडशे," ती म्हणाली. "कमीत कमी."

"दीडशे?" दुंडाअण्णांचं डोकं एकदम वर आलं. काय बोलतोय याचं त्यांना भान नव्हतं. जन्माची सवय बोलत होती. "दीडशे कुठनं आणलंस? पेठेत शंभराला बाई मिळती!"

"पेठेतली बाई ऐतवारी येती? दिवाळीत येती? ताप आला म्हणून कवा बसले मी?"

"तरी बी सव्वाशेच्या वर न्हाई."

"सुताला गाठी किती असत्यात बघितल्यास कवा? सस्तातलं सूत आणतोस, त्या गाठी कोन सोडवतंय? दीडशे!"

"अण्णा!" सदाशिव ओरडला. "काय करताय? दीडशे भाडं धरलं तर पट्टी किती वाढंल, हिशेब केलाय?"

अण्णा थांबले. हिशेब तर त्यांनी आयुष्यभर केला होता. पण ते मुलाकडे बघत नव्हते, पट्टीकडेही नाही. टोपलीतल्या कांड्यांकडे बघत होते. मग बहिणीच्या हातांकडे. सुताने बोटांना बारीक चरे पडलेले असतात या बायकांच्या. बाहेरच्या माणसाला ते आधी दिसतात. घरातल्याला दिसत नाहीत.

"दीडशे लिवा," ते म्हणाले.

"वर्षाला साडेतीनशे वाढतील, मुसळे," साहेबांनी बजावलं.

"वाढू देत."

चंद्राक्काला भांडण इतक्या लवकर जिंकायची सवय नसावी. ती बावचळून उभी राहिली. मी रकान्यात तिचं नाव लिहिलं, शेजारी 'भाडेकरू', त्याशेजारी रक्कम. तिला अंगठा लावायला सांगितला, तर म्हणाली, "सही करते मी," आणि एकेक अक्षर कोरत सही केली. सदाशिव पाय आपटत आत गेला.

गल्लीच्या तोंडापर्यंत अण्णा आम्हाला सोडायला आले. साहेब पुढे गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

"पोतदार, हे नाव पक्कं न्हवं? पुसता येत न्हाई न्हवं?"

"नुसत्या नावावर विसंबू नका. महिन्याच्या महिन्याला पावती देत जा."

"पावतीबुकाला पैसं पडत्यात," ते म्हणाले, पण सवयीने. मग म्हणाले, "माझ्या गाळ्यातल्या शिंप्याला काढायला मी धा वर्सं कोर्टात घालवली. शिंप्याच्या वकिलानं त्याचं नाव काढलं ते तुमच्याच उताऱ्यातनं. 'पालिकेच्या दप्तरी भाडेकरू हाय,' म्हणाला, आणि मी हारलो. तवाच कळलं, भाडेकरूला काढता येत न्हाई. बहिणीला येतंय."

मी दप्तर उघडून तो रकाना त्यांना पुन्हा दाखवला.

"लोक म्हणणार, बहिणीचं भाडं खातोय. म्हणू देत. मी आपला समजत होतो, भाऊ हाय, तिला पोसतोय. एवढं केलं पायजे." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आज कळलं, कोन कुणाला पोसत होतं ते."

लोक म्हणालेच. रामू हलवायाने दुकानातूनच नवं नाव गावभर वाटलं. 'भाडेखाऊ अण्णा' असं पोरंही म्हणायला लागली. अण्णांनी ते कधी खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर नाव पुसलं गेलं असतं, रकान्यातलंसुद्धा. मात्र दर पहिल्या तारखेला ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. कांड्यांची मजुरी म्हणून दीडशे रुपये बहिणीच्या हातावर ठेवायचे, ती तेच दीडशे भाडं म्हणून परत द्यायची, आणि अण्णा पावती फाडायचे. एकदा तिने वीस रुपये ठेवून घेतले, म्हणाली, कांडीचा दर वाढलाय. त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं, असं मला अण्णांनीच सांगितलं. सांगताना हसत होते.

पुढे अण्णा गेले. वर्षश्राद्ध व्हायच्या आत सदाशिव वकिलाला घेऊन आमच्या कचेरीत आला. मी तेव्हा हेडक्लार्क झालो होतो. वकिलाने उतारा वाचला, पावत्या किती वर्षांच्या आहेत ते विचारलं, आणि सदाशिवला बाजूला घेऊन म्हणाला, "हे नको काढूस. यात मी तुझे पैसे खाईन, दुसरं काही होणार नाही."

चंद्राक्का त्याच खोलीत राहिली, म्हातारी झाली, आणि तिथेच गेली. दहावं झाल्यावर सदाशिव पुन्हा आला. आत्याचं नाव कमी करायचं होतं. त्याचेही केस पांढरे झाले होते. माग तर त्याने आधीच विकून टाकले होते. दिवस बदलले होते.

"शेवटपर्यंत भाडं देत हुती," तो म्हणाला. "कांड्या बंद झाल्या तरी. कुठनं द्यायची कोण जाणे. 'पावती दे' म्हणायची. मी फाडून द्यायचो."

मी नाव कमी केलं आणि आकारणी पुन्हा मालकाची लावली. त्या वर्षापासून त्यांची पट्टी उतरली.

आता शेवटची बेरीज मांडायची, तर अशी. जादा पट्टी अण्णांनी भरली, त्यांच्यामागे सदाशिवने भरली, आणि नगरपालिकेने ती गटारीत घातली. गावातली अब्रू अण्णांनी एकट्याने भरली. तिची सूट त्यांना कुणी दिली नाही. दोन मागांची जागा सदाशिवची गेली, पण ती पुढे त्याला लागणारच नव्हती. आणि खोलीचं भाडं चंद्राक्काने भरलं. आम्ही ते कागदावर घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून, पूर्ण, एकही महिना न चुकवता.